मोठीचं रक्त, धाकटीचं रक्त

१२ जुलै २०२५, शनिवार

आज घरात पेढे आले आणि मी ते परत बांधून ठेवायला लावले. माझा यात काही दोष नाही, पण सगळ्यांचे चेहरे माझ्याकडेच वळले.

झालं असं. माझ्या धाकट्या जावेच्या, दैवशालाच्या, मुलीचा रिपोर्ट आला. तृप्ती आठ महिन्यांची होत आली तरी मान धरत नाही, जीभ बाहेर काढून हसते, डोळे तिरपे. संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंना डाऊन सिंड्रोमची शंका आली म्हणून त्यांनी तिची गुणसूत्रं तपासायला लावली होती. तिच्या बापाने, राधेश्याम भाऊजींनी, मोबाईलवर रिपोर्ट उघडला, त्यात ४६ आकडा दिसला, आणि गडी येताना पेढेच घेऊन आला. असल्या लेकरांत सत्तेचाळीस असतात, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

"वहिनी, शेहेचाळीसच हायत! बराबर हाय ना? तुम्ही तर पोरायला हेच शिकवता."

शिकवते ना. परतूरच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र. म्हणूनच पुढची ओळ वाचली. आकडा बरोबर होता, पण चौदाव्या जोडीतल्या एकाला एक जास्तीचं एकविसावं जोडलेलं होतं. दोन चिकटून बसली म्हणून मोजताना एकच भरलं. भाऊजींना ते कळेना. "मंग शेहेचाळीस कसे?" असं ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. दैवशाला दहावी पास, पण सगळ्यांत आधी तिलाच कळलं. ती लेकरू उचलून आत गेली.

वाचताना माझा आवाज अजिबात कापला नाही. उलट आत कुठेतरी थंड वाटलं. हे इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार?


१५ जुलै, मंगळवार

मला दैवशालाचा हेवा वाटतो. लिहून टाकलं एकदाचं. ती देखणी आहे म्हणून नाही, तशी ती बेताचीच. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली. तीनदा दिवस राहिले आणि तिन्ही वेळा तिसरा महिना पुरा व्हायच्या आत गेलं. ती आली आणि दुसऱ्या वर्षी तिचं ओटीभरण. त्या दिवशी आत्यांनी (माझ्या सासूबाई, सगुणाबाई) मला स्वयंपाकघरात पुऱ्या तळायला बसवलं. बाहेर बायका गाणी म्हणत होत्या आणि ओटी भरायला मला कोणी बोलावलं नाही. सगळ्या पुऱ्या टम्म फुगल्या होत्या, एवढं आठवतं.

मी तृप्तीला घेत नाही. आत्यांना आवडत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नको असतं.

तिसऱ्या वेळेनंतर, चार वर्षांपूर्वी, एका डॉक्टरांनी आम्हा दोघांचंही रक्त तपासायला सांगितलं होतं. आधी मी दिलं. मग हे आत गेले आणि लगेच कोपर दुमडून, कापूस दाबून बाहेर आले. सुई पाहिली की ह्यांना दरदरून घाम फुटतो, तरी माझ्यासाठी गेले, म्हणून मला तेव्हा भरून आलं होतं. रिपोर्ट आणायलाही हेच गेले. माझा मी पाहिला, नॉर्मल. "माझा बी नॉर्मल," म्हणाले. दोघांचं चांगलं असून मूल टिकत नाही म्हटल्यावर मागे उरते कोण? मीच.

आज आत्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "माझे बी रामप्रसादाच्या (म्हणजे ह्यांच्या) आधी दोन गेल्ते. म्या हिंमत सोडली न्हाई. बाईनं हिंमत धराया लागती." हे मी शंभरदा ऐकलंय. म्हणजे माझ्यात हिंमतही नाही.


२१ जुलै, सोमवार

प्राचार्यांनी विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ता मागितलाय: पेशीतले शब्द कुठून आले. मला असली कामं आवडतात. क्रोमोसोम म्हणजे ग्रीकमध्ये रंगीत शरीर. त्याला स्वतःचा काही रंग नसतो, काचेवर रंग टाकला तरच दिसतं, म्हणून ते नाव. आपल्याकडे गुणसूत्र, गुणांचा दोरा. सेल म्हणजे लहानशी खोली. कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची जोडीवार मांडणी, त्यातला कॅरि म्हणजे अक्रोडाच्या आतला गर. गॅमीटचं, म्हणजे बीजपेशीचं, मूळ तर नवरा आणि बायको. हे सांगितल्यावर मागच्या बाकावर खसखस पिकली. मग 'वाहक' शब्द आला: ज्याच्यात दोष असतो पण दिसत नाही, तो पुढे नेतो. एक पोरगं म्हणालं, "मॅडम, एसटीचा कंडक्टर." मी पण हसले.

नंतर कात्री-डिंकाचा तास घेतला. गुणसूत्रांच्या चित्राची झेरॉक्स, पोरांनी एकेक कापायचं आणि जोड्या लावून चिकटवायचं. प्रत्येकाला आपला जोडीदार मिळतो तेव्हा पोरींना फार आनंद होतो. मला तो तास संपूच नये असं वाटतं.


२९ जुलै, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की ही जोडगोळी बऱ्याचदा आई किंवा बापाकडून येते, दोघांचंही रक्त पाठवा. आत्यांनी फक्त दैवशालाला पाठवायचं ठरवलं.

"बाप्याचं रक्त कामून काढायचं? दिसभर दुकानात राबून राह्यला त्यो. आन आपल्या घरात असलं कुणी झालं का आजवर? हिच्या माहेराकडूनच आलंय."

आमचं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे, दोघे भाऊ मिळून चालवतात. कोणी शेतकरी सोयाबीन उगवलं नाही म्हणून भांडायला आला की ह्यांचं उत्तर ठरलेलं: "बियाणं बिलकुल चांगलं हाय, तुमच्या वावरात ओल नव्हती." मी डबा घेऊन जाते तेव्हा हे वाक्य कितीदा तरी ऐकलंय. आज आत्यांचं बोलणं ऐकून हे तृप्तीचं टोपडं हातात घेऊन नुसते फिरवत बसले.

मला सुट्टी काढून दैवशालासोबत जावं लागलं, कारण इंग्रजी शब्द मलाच कळतात. तिने रक्त देताना डोळे मिटले नाहीत.


२० ऑगस्ट, बुधवार

आज जे घडलं ते लिहू की नको, असं झालंय.

दैवशालाचा रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघी संभाजीनगरला गेलो. तृप्ती रडायला लागली म्हणून दैवशाला तिला पाजायला बाहेरच्या बाकावर बसली. आत मी एकटीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आईचं सगळं व्यवस्थित आहे. म्हणजे आता वडिलांना आणा. त्यांच्या सख्ख्या भावंडांनाही. ज्याच्यात ही जोडलेली जोडी असते तो स्वतः ठणठणीत असतो, पण गर्भ टिकत नाहीत, किंवा असं बाळ होतं."

मी मान हलवत होते. हे तपासलेलेच आहेत, म्हणजे भाऊजींतच असणार, एवढं डोक्यात आलं. आणि लगेच दुसरं आलं. दैवशाला सुटली. तिचं रक्त चांगलं, मुलगीही झाली, जो काही दोष तो नवऱ्याचा. मग या घरात नासकी बाई एकच राहिली. मी.

बाहेर आले. तिने पदर सावरत विचारलं, "काय म्हणल्या बाई, ताई?"

मी म्हणाले, "अजून नीट कळालं नाही. परत यावं लागेल."

तोंडातून गेलं. मी रिक्षा बघायला रस्त्यावर गेले, तेवढ्यात ती तृप्तीचं झबलं विसरलं म्हणून आत पळाली. एका झबल्याला एवढा वेळ! रिक्षावाला कटकट करायला लागला. आल्यावर मी तिला बोलले, तर नुसती माझ्याकडे बघत राहिली. परतूर येईपर्यंत आगगाडीत एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, बरंच झालं.

दोन-चार दिवसांत सांगेन. गौरी-गणपती होऊ दे.


२४ ऑगस्ट, रविवार

जेवताना भाऊजींनी विचारलं, "वहिनी, दैवशालाच्या रक्तात नेमकं काय निघालं?" दैवशाला दारात उभी होती. मी म्हटलं, "भाऊजी, नक्की नाही अजून." ती दारातून हलली नाही. मीच ताट घेऊन उठले.

घरात हवा बदलली आहे. आत्या तिच्या हातचा चहा घेत नाहीत, मला म्हणतात, "प्रभावती, तूच टाक." काल शेजारणीला सांगत होत्या, "थोरली शिकलेली हाय, समजदार हाय." नऊ वर्षांत पहिल्यांदा. ते ऐकून मी भांडी उगाच दोनदा घासली. मला लाज वाटली, आणि आनंदही झाला. आनंद जास्त झाला.

हे मात्र दुकानातून आले की आधी तृप्तीकडे जातात. तिला पोटावर निजवून तिच्यापुढे खुळखुळा हलवतात, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम म्हणे. माझ्याकडे बघायचं टाळतात. कधीकधी वाटतं, ह्यांचा जीव लेकरात आहे की लेकराच्या आईत? असं लिहिताना मलाच ओंगळ वाटतंय, पण वाटतंय.


३१ ऑगस्ट, रविवार

आज महालक्ष्म्या बसल्या. आमच्याकडे दोघी बहिणींचे मुखवटे घरातल्या दोन सुनांनी उंबऱ्यावरून आत आणायचे असतात, मोठीने ज्येष्ठा, धाकटीने कनिष्ठा. मागच्या वर्षी दैवशालाला दिवस गेलेले होते. तिच्या हातात कनिष्ठा देताना आत्यांनी तिची दृष्ट काढली होती आणि ज्येष्ठा स्वतः घेतली होती. "लेकुरवाळीनं आणलेली बरी," म्हणाल्या होत्या. मी ताट वाजवत मागून चालले होते.

आज त्यांनी मला हाक मारली. "प्रभावती, ज्येष्ठा तू घे." कनिष्ठा चुलत सासूबाईंच्या हातात. दैवशालाला सांगितलं, "तू लेकराकडं बघ."

मी कुंकवाच्या पावलांवरून मुखवटा घेऊन आले. "कशाच्या पावलानं आली?" विचारलं की "सोन्याच्या पावलानं" म्हणायचं असतं. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. मधल्या खोलीच्या दारातून दैवशाला बघत होती, खांद्यावर तृप्ती. मी तिच्याकडे मुद्दाम पाहिलं. मला हेच पाहिजे होतं ना? नऊ वर्षं पाहिजे होतं.

महालक्ष्म्यांपुढे त्यांची बाळं मांडताना माझ्या हातातून एक बाळ घसरलं. फुटलं नाही. आत्यांनी पाहिलंही नाही.


३ सप्टेंबर, बुधवार

काल विसर्जन झालं आणि आज आत्यांनी तोंड उघडलं. दैवशालाने लेकरू घेऊन माहेरी जायचं. तिचा भाऊ भारत शुक्रवारी अंबडहून न्यायला येणार. किती दिवसांसाठी, ते कोणी बोललं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलं. "राधेश्यामाचं वय काय झालंय? पुढचा इचार कराया नगं का?" भाऊजींनी मान खाली घातली. माझा दीर मोटरसायकलवर दोन गोण्या घेऊन वाऱ्यासारखा जातो, पण आईपुढे त्याचं तोंड शिवलेलं असतं.

हे एकदम उठून उभे राहिले. "तिला कुठं पाठवायचं न्हाई. म्या सांगून ठेवतो."

आईला उलटून बोलताना मी ह्यांना पहिल्यांदा पाहिलं. माझ्या तिन्ही वेळी ह्यांनी तोंडातून ब्र काढला नव्हता. अंगाची आग आग झाली.


४ सप्टेंबर, गुरुवार

दुपारी दुकानात डबा घेऊन गेले. भाऊजी जालन्याला माल आणायला गेलेले, हे एकटेच, खताच्या पोत्यांना टेकून. मी डबा ठेवला नाही, तसाच हातात धरून विचारलं, "तिच्यासाठी एवढा जीव तुटतो तुमचा? माझ्यासाठी कधी तोंड उघडलं होतं का?"

"तिच्यासाठी न्हाई गं."

"मग कोणासाठी?"

ह्यांच्या कपाळावर घाम आला होता, सुई पाहिल्यासारखा. "म्या रक्त दिलंच न्हाई."

मला आधी कळलंच नाही. कोणतं रक्त?

"तव्हा. आत गेल्तो, सुई पाह्यली, त्या पोराला म्हणलो चक्कर येऊन राह्यली, मंग येतो. कापूस घेतला आन भायेर आलो. पुन्हा जाणार व्हतो, प्रभा, खरंच जाणार व्हतो. आई म्हणली कशाला. आन मला भेव वाटलं. माझ्यात निघालं तर तू कामून राहशील? शिकलेली हायेस, नोकरी हाय. त्या दिशी तृप्तीचा रिपोर्ट तू वाचून दाखवला तव्हा माझंच हाय ते, मला कळालं."

चार वर्षं! चार वर्षं मी आत्यांच्या तोंडाकडे बघून भाकरी थापल्या. दर महिन्याला मीच माझ्या शरीराला शिव्या दिल्या. ह्यांना ठाऊक होतं की आपण रक्त दिलेलं नाही, आणि हे शेजारच्या उशीवर झोपत होते. मी खूप बोलले. काय बोलले ते इथे लिहिणार नाही. एक गिऱ्हाईक पायरीवर येऊन परत गेलं. शेवटी म्हणाले, "लोकायला सांगतो बियाणं तपासून घ्या, आन म्या..." मी म्हटलं, गप्प बसा, ते पण ऐकायचं नाही मला. रोज गिऱ्हाइकाच्या वावराला नाव ठेवणारा माणूस! डबा तिथेच टाकून चालत घरी आले.

रस्त्यात मात्र मध्येच थांबले. ह्यांनी एका बाईला बाहेर ताटकळत ठेवून खोटं सांगितलं, कारण खरं बोललं तर आपलं काय होईल याची भीती. मी संभाजीनगरला त्या बाकापाशी काय केलं? हे चार वर्षं गप्प होते आणि मी दोन आठवडे, हे मोजून मला बरं वाटेना.


५ सप्टेंबर, शुक्रवार

भारत आला. चहा झाला, दैवशालाची पिशवी ओसरीवर आली. आत्या म्हणाल्या, "जल्दी निघा, उन्हं व्हायच्या आत."

मी मध्ये उभी राहिले. म्हटलं, "डॉक्टरीणबाईंचा काल फोन आला होता. दैवशालाचं रक्त चांगलं आहे. दोष बापाकडून आला असणार. आणि भाऊजींच्यात असला तर ह्यांच्यातही असू शकतो. माझी तिन्ही त्यामुळेच गेली असतील. दोघांचं रक्त तपासायचंय."

फोनचं खोटं बोलले. त्या दिवसापासूनच ठाऊक होतं, हे म्हणायची हिंमत झाली नाही. दैवशालाने पिशवीच्या बंदाची गाठ सोडली आणि पुन्हा मारली.

आत्यांचा आवाज चढला. "माझ्या लेकायला नावं ठेवती? माझ्या घरात असलं कव्हा..."

"आई," हे म्हणाले, "म्या चाललो रक्त द्यायला. राधेश्याम, चल." आणि भाऊजी, ज्यांचं तोंड शिवलेलं असतं ते, बायकोची पिशवी उचलून आत ठेवून आले. मग म्हणाले, "चला, दादा."

भारत जेवून एकटाच परत गेला. निघताना माझ्या पाया पडला. मला पाय मागे घ्यावेसे वाटले.


२६ सप्टेंबर, शुक्रवार

रिपोर्ट आले. भाऊजी पंचेचाळीस. हे पंचेचाळीस. दोघांचंही एक चौदावं आणि एक एकविसावं एकमेकांना जोडलेलं, कमी काहीच नाही, म्हणून दोघेही पोती उचलायला खंबीर. माझ्या तक्त्यावर सर्वांत खाली 'ट्रान्सलोकेशन' (स्थानांतरण) शब्द लिहिलाय: लॅटिनमध्ये जागेपलीकडे. मुलांना सांगताना किती सोपा वाटतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोघींनाही चांगलं मूल होऊ शकतं, दिवस राहिले की लवकर तपासायचं. दोघींनाही. ह्यांच्याशी मी अजून कामापुरतंच बोलते.

आत्या दिवसभर देवघराशी बसून होत्या. दिवेलागणीला मी गेले तर हळूच विचारलं, "माझे दोन गेल्ते ते बी त्याच्यानंच का गं?" मी म्हटलं, असेल. सासऱ्यांकडून आलं असेल किंवा तुमच्याकडून. त्यांनी पदर तोंडाला लावला. मला त्यांचा राग राग करायचा होता, इतकी वर्षं तयारी केली होती, पण जमलं नाही. त्यांच्याजवळ बसले.

नंतर मागच्या अंगणात दैवशाला धुणं काढत होती. तिला मी सांगायचं ठरवून गेले होते. म्हटलं, "दैवशाला, डॉक्टरांचा फोन आला नव्हता. मला त्या दिवशीच..."

"मला ठाव हाय, ताई. झबलं इसरलं म्हणून आत गेल्ते, तव्हा बाईंनी मला बी समदं समजावून सांगितलं व्हतं."

"मग बोलली का नाहीस? पिशवी बांधून निघाली होतीस!"

"माझं कोण ऐकतं? म्हणले असते, आपलं झाकाया बोलती. तृप्तीच्या बापाला सांगितलं, तर ते म्हणले वहिनीला इचारू. इचारलं तुम्हाला." तिने चादरीची घडी घातली. "म्या वाट बघून राह्यल्ते. तुम्ही कव्हा बोलता."

तिने रागवायला पाहिजे होतं. भांडली असती तर मीही भांडले असते, सोपं गेलं असतं. आजही तिचा हेवा वाटला, या वेळी लेकरासाठी नाही. मी उभ्या उभ्या रडायला लागले. तिने खाटेवरची तृप्ती उचलली आणि काही न बोलता माझ्याकडे दिली, तिला दोरीवरचे कपडे काढायचे होते.

मी घाईने एक हात तिच्या मानेखाली घातला, कलंडू नये म्हणून.

"आता गरज न्हाई, ताई," दैवशाला कपड्यांमागून म्हणाली. "महिना झाला. ती मान धरती."